हायलिगरने घडवलेला होफर

बर्नहार्ड हायलिगर या बर्लिनच्या शिल्पकाराने १९५१ मध्ये चित्रकार कार्ल होफर यांचे मस्तक घडवले. युद्धोत्तर जर्मन शिल्पकलेतली भव्य, निखळ अमूर्त कामे बाजूला ठेवून आधी पाहावे असे हे काम आहे. ते धड व्यक्तिशिल्प नाही आणि धड अमूर्तही नाही. त्या काळात जर्मन कलाजगताचे दोन तट पडले होते आणि हे मस्तक दोन्ही तटांच्या मधोमध उभे होते.

हायलिगरचा जन्म १९१५ चा, श्टेटीनचा. ते शहर आज पोलंडमध्ये आहे. बर्लिनमध्ये त्याने आर्नो ब्रेकरच्या हाताखाली शिक्षण घेतले. ब्रेकर हा हिटलरचा लाडका शिल्पकार. पीळदार स्नायूंचे, रिकाम्या चेहऱ्यांचे अवाढव्य पुरुष ही त्याची खासियत. डालेम भागात सरकारने त्याच्यासाठी १९३९ ते १९४२ दरम्यान एक प्रचंड कार्यशाळा बांधली. युद्ध संपल्यावर, १९४९ मध्ये, तिच्याच एका भागात हायलिगरने आपले बस्तान बसवले आणि १९९५ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो तिथेच काम करत राहिला. सत्तेच्या पुतळ्यांसाठी उभारलेल्या दालनात माणसांची थकलेली, विचारात बुडालेली मस्तके घडू लागली. ब्रेकरच्या कामाला याहून चोख उत्तर कोणी दिले नसेल.

हायलिगरला १९४९ मध्ये बर्लिनच्या कला महाविद्यालयात प्राध्यापकपद मिळाले, तेव्हा तिथले संचालक होफरच होते. होफर यांचा जन्म १८७८ चा. तरुणपणी ते भारतात येऊन गेले होते. त्यांचे आश्रयदाते थिओडोर राइनहार्ट हे फोल्कार्ट ब्रदर्सचे प्रमुख. ही पेढी १८५१ मध्ये विंटरथूर आणि मुंबई अशा दोन्ही ठिकाणी एकाच वेळी सुरू झाली होती. नाझींनी होफर यांना नोकरीवरून काढले, त्यांची चित्रे ‘विकृत’ ठरवली. १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात त्यांची चित्रशाळा जळाली. त्यांची पहिली पत्नी माटिल्डे ज्यू होती. १९४२ मध्ये आउशविट्झला तिची हत्या झाली.

मस्तक पाहताना हे सगळे ठाऊक असलेले बरे, कारण हायलिगर यातले काहीच सांगत नाही. त्याच्या या काळातल्या मस्तकांत केस, कान, सुरकुत्या अशा तपशिलांना फारसे महत्त्व नसते. सगळा भार कवटीच्या घुमटावर असतो. कपाळ ते नाक ही जणू एकच रेषा, आणि डोळ्यांच्या जागी प्रकाश अडवणाऱ्या खोबणी. प्लास्टरवर फिरलेल्या हत्याराचे ओरखडे अनेकदा पुसलेले नसतात आणि ओतकामानंतर ते ब्राँझमध्येही तसेच उतरतात. तरीही ओळख पटते. हाडांच्या ठेवणीवरून माणूस ओळखता यावा इतकेच साधर्म्य तो शिल्लक ठेवतो. ही काटकसर फार कठीण असते, आणि हायलिगरचे खरे सामर्थ्य तिच्यातच आहे.

मनुष्याकृती की अमूर्त, याच प्रश्नावर होफर यांचे अखेरचे भांडण झाले. १९५० मध्ये पुन्हा स्थापन झालेल्या जर्मन कलावंत संघाचे ते अध्यक्ष होते. अमूर्त चित्रकला हीच काय ती आधुनिक आणि मनुष्याकृती कालबाह्य, असा सूर समीक्षेत वाढत चालला होता. होफर यांना ती नवी सक्ती वाटली. १९५५ च्या सुरुवातीला ‘डेर मोनाट’ मासिकात त्यांनी तसे लिहिले. समीक्षक विल ग्रोमान यांनी तिखट उत्तर दिले. वाद इतका पेटला की विली बाउमाइस्टर, फ्रिट्झ विंटर आणि अर्न्स्ट विल्हेल्म नाय यांनी संघ सोडला. वाद धुमसत असतानाच, ३ एप्रिल १९५५ रोजी, होफर वारले. बारा वर्षे ज्याला सरकारने गप्प बसवले, त्या माणसाला प्रतिगामी ठरवणे हा उघड अन्याय होता. ग्रोमान यांचा अमूर्ताचा कैवार प्रामाणिक होता, पण होफर यांचा आक्षेप त्यांनी नीट ऐकून घेतला नाही.

त्याच वर्षी उन्हाळ्यात कासेलला पहिले ‘डोक्युमेंटा’ कलाप्रदर्शन भरले. तिथे हायलिगरचीही शिल्पे होती. पुढच्या वर्षी व्हेनिसच्या द्वैवार्षिकीतही त्याची शिल्पे मांडली गेली. बर्लिनचे महापौर अर्न्स्ट रॉयटर यांचे मस्तक त्याने १९५४ मध्ये केले, तत्त्वज्ञ हायडेगर यांचे साठच्या दशकात. नंतर तो मस्तकांपासून दूर जात राहिला. रॉयटर यांच्या नावाच्या चौकात १९६३ मध्ये उभी राहिलेली त्याची ‘ज्वाला’ पूर्ण अमूर्त आहे. ती डौलदार आहे, पण मस्तकांमधला ताण तिच्यात नाही.

डालेमची ती इमारत २०१५ पासून ‘कुन्स्टहाउस डालेम’ या नावाने युद्धोत्तर कलेचे प्रदर्शनगृह म्हणून खुली आहे आणि तिच्या बागेत हायलिगरची शिल्पे मांडलेली आहेत.