नवी रायफल की जुनीवर बांधणी?

माझी धाकटी बहीण ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये खेळते. क्लबची रायफल सगळ्यांच्या हाताखालची, त्यामुळे स्वतःची घ्यायची ठरली आणि आमच्या इंदूरच्या घरात दोन पक्ष पडले. बाबा म्हणाले, "एफडी मोडू, पण नवी कोरी घेऊ." बहिणीच्या मनात मात्र एका निवृत्त नेमबाजाची जुनी अन्शुट्झ होती. ती घेऊन दस्ता बदलायचा, असा तिचा बेत. सॉफ्टवेअरवाला म्हणून निवाडा माझ्याकडे आला. आयतं घ्यायचं की असलेल्यावर बांधायचं, हा प्रश्न आम्हाला ऑफिसात रोजचाच.

या खेळात पॉइंट टू टू बोअरची, एकेक गोळी भरायची बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल लागते. दर गोळीला बोल्ट हाताने मागे ओढून पुढे सरकवायचा. स्वप्नील कुसळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसला याच प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवलं. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये विश्वविजेत्या झाल्या होत्या.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. अमेरिकेत लोक सुटे भाग आणून गॅरेजमध्ये रायफल जोडतात, ते व्हिडिओ आपण सगळेच बघतो. आपल्याकडे तसं चालत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार शस्त्र बनवायला किंवा दुरुस्त करायलाही परवाना लागतो. सुटे भागही 'शस्त्रां'तच मोडतात. म्हणून आमच्यासाठी बांधणी म्हणजे परवान्यावर रीतसर नावे झालेली रायफल आणि परवानाधारक कारागिराकडून केलेलं काम, एवढंच.

मग रायफलीचे चार भाग केले: अ‍ॅक्शन, नळी, ट्रिगर आणि दस्ता. चांगली अ‍ॅक्शन नीट वापरली तर अनेक वर्षं टिकते. ट्रिगर साफ करून जुळवून घेता येतो. खरा प्रश्न नळीचा, कारण ती झिजते.

ते तपासायला गणित सोपं आहे. दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिमी आणि गोळी ५.६ मिमीची. गोळीची कड वर्तुळाला टेकली तरी दहा गुण. म्हणजे सगळी भोकं कडेपासून कडेपर्यंत २१.६ मिमीच्या गोलात, नेमकी मध्यावर बसली, तर सगळे दहाच. रेंजवरच्या जाणकारांनी जुनी रायफल पकडीत घट्ट बसवून वेगवेगळ्या लॉटच्या काडतुसांनी दहा-दहा गोळ्या झाडल्या. एकाच कंपनीच्या दोन लॉटमध्येही चांगलाच फरक दिसला. एका लॉटचे सगळे गट या गोलात आरामात मावले.

म्हणजे नळी ठीक होती. गुण जात होते ते नीलिंगमध्ये, शरीर आणि दस्ता जुळत नसल्यामुळे. बहीण उंचीने लहान, आणि जुना लाकडी दस्ता उंच माणसासाठी बेतलेला. गालाची पट्टी, खांद्याची प्लेट, हाताची पकड हे सगळं हलवता येईल असा अ‍ॅल्युमिनियमचा दस्ता बसवला, की तिची अडचण सुटत होती. नवी रायफल घेतली असती तरी पैसे मुख्यतः याच सोयीचे मोजले असते.

बाबांचा मुद्दाही खोटा नव्हता. नव्या रायफलीला वॉरंटी असते आणि नळीतून किती गोळ्या गेल्या याची शंका नसते. जुन्या नळीचे गट फाकले असते, तर मी त्यांच्याच बाजूने मत दिलं असतं. पण आमच्या हिशोबाने फरकाच्या पैशांत वर्षभराची काडतुसं आणि स्पर्धांचा प्रवास निघत होता. एफडी तशीच राहिली.

तुमच्या घरात कुणी या वळणावर असेल, तर क्रम असा ठेवा: आधी परवान्याचं बघा, मग पकडीतली चाचणी, मग शरीराचं माप. दुकानाची पायरी त्यानंतर चढा.