कढीलिंबावरचा बहुरूपी

गिरगावातल्या आमच्या चाळीच्या गॅलरीत, आईने तेलाच्या रिकाम्या डब्यात लावलेल्या कढीलिंबावर, पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी जी अळी मी पंचेचाळीस वर्षांपूर्वी पाहिली, ती यथावकाश हिरवीगार झाली आणि काडीने डिवचताच डोक्यामागून तांबडे, दुभंगलेले शिंग काढून उग्र दर्प सोडू लागली. कोषातून निघाले ते काळे फुलपाखरू, मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ असलेले, कॉमन मॉर्मन. मी त्याला तेव्हापासून बहुरूपीच म्हणत आलो.

नर सारे एकाच वेषाचे; मादी मात्र आपल्याकडे तीन रूपांत वावरते. एक नरासारखी, दुसरी कॉमन रोझसारखी, तिसरी क्रिमझन रोझसारखी. या दोन्ही रोझ फुलपाखरांच्या अळ्या ईश्वरीच्या वेलीचे विषारी पाले खातात, ते विष पंख फुटल्यावरही देहात उरते, आणि एकदा चव घेतलेला पक्षी पुन्हा त्या वेषाच्या वाटेला जात नाही. ही जरब बहुरूपी मादीला, अंगी विषाचा लवलेश नसताना, केवळ रंगांच्या बळावर लाभते. एका ठिकाणी तिचे सोंग अपुरे राहते: रोझचे धड लालभडक असते, हिचे काळेच.

पूर्वी या रूपांना निरनिराळ्या जाती समजत. त्या एकाच जातीच्या माद्या, हे वॉलेसने १८६५ साली मांडले. पुढे १८८३ मध्ये भायखळ्याच्या संग्रहालयात मुंबईची निसर्ग इतिहास संस्था जन्मली, आणि तिच्या संस्थापकांपैकी एक, जकात व मीठ खात्यातले एटकेन, यांनी सहकाऱ्यांसह उत्तर कानड्याच्या फुलपाखरांची नोंद इतक्या आस्थेने केली की त्या काळच्या सरकारी दप्तरांत तिला तोड नसावी. वेषांतराचे मर्म मात्र २०१४ साली उकलले: कृष्णमेघ कुंटे व सहकाऱ्यांनी दाखविले की, कीटकांत नर-मादीचा भेद घडविणारे ‘डबलसेक्स’ हे एकच जनुक हा सारा पालट घडवून आणते. पुढच्याच वर्षी महाराष्ट्राने ब्लू मॉर्मनला राज्य फुलपाखराचा मान दिला. तो योग्यच, पण माझ्या मते या शहराचे फुलपाखरू बहुरूपीच, कारण त्याला अरण्य लागत नाही, कोणाच्या तरी दारातला कढीलिंब पुरतो.

आमची चाळ आता नाही. गेल्या श्रावणात दादरच्या हिंदू कॉलनीत एका पडवीपाशी क्रिमझन रोझच्या वेषातली मादी भिरभिरताना दिसली; कुंडीतल्या कढीलिंबाच्या कोवळ्या पानावर ती क्षणभर टेकली, शेपटाकडचा भाग वाकवून तिने मोहरीएवढे एकच पिवळसर अंडे चिकटविले, आणि तेवढ्यात तिचे काळे धड मला स्पष्ट दिसले.