नाव आधी, औषध नंतर : व्यापारचिन्ह नोंदणी आणि वापराचा मानस

पोलादपूरच्या डोंगरांत हिरडा-बेहड्याला वाण नाही, आणि महाड परिसरात स्वतःचा अनुभूत योग बाळगून असलेल्या वैद्यांनाही नाही. अशा योगास एखादे सुंदर नाव सुचले की साहजिकच वाटते, नाव तेवढे नोंदवून ठेवावे. औषधाचे पुढे पाहू. हा विचार अर्धाच बरोबर आहे.

ट्रेडमार्क अधिनियम, १९९९ च्या कलम १८ नुसार वापरात असलेल्या चिन्हाप्रमाणेच पुढे वापरावयाच्या चिन्हासाठीही अर्ज करता येतो. बाटली बाजारात येण्याची वाट पाहावी लागत नाही. मात्र वापराचा मानस प्रामाणिक हवा. तो मुळात नव्हता व वापरही झाला नाही, किंवा नोंदवहीत प्रत्यक्ष नोंद झाल्यापासून सलग पाच वर्षे व त्यावर तीन महिने चिन्ह वापरलेच नाही, तर बाधित व्यक्ती कलम ४७ खाली ते काढून टाकण्याची मागणी करू शकते.

‘मानस’ म्हणजे नेमके काय, याचा खल ‘ड्रिस्टान’ या सर्दीवरील औषधाच्या नावावरून झाला. अमेरिकन होम प्रॉडक्ट्स या कंपनीने १९५८ मध्ये अर्ज केला, तेव्हा ते औषध भारतात विकले जात नव्हते. पुढे ते बनविले जेफ्री मॅनर्स या मुंबईच्या कंपनीने; तिच्यात अमेरिकन कंपनीचे ४० टक्के भाग होते. ‘ट्रिस्टाइन’ नाव घेऊ पाहणाऱ्या मॅक लॅबोरेटरीजचा आक्षेप असा, की अर्जदाराचा स्वतः वापर करण्याचा हेतूच नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये तो फेटाळला. निकाल लिहिणारे न्या. मदन हे पूर्वी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते. मालाशी व्यापारी संबंध राखून दुसऱ्याच्या हातून वापर करण्याचा मानसही प्रामाणिक ठरतो; केवळ नावांचा व्यापार करणे मात्र कायद्यास मान्य नाही, असे त्याचे सार आहे.

आपल्यापैकी बहुतेकांचा स्वतःचा कारखाना नाही, म्हणून हा निकाल आपल्या उपयोगाचा. आज दुसऱ्या उत्पादकाने तुमच्या संमतीने तुमच्या नावाखाली औषध बनवून विकले, तर तो वापर तुमचाच धरला जातो. पण संमती लेखी करारात हवी. तोंडी विश्वासावर चालण्याची आपली रीत येथे उपयोगी नाही. लेबलाचा नमुना, बाटल्यांचे दरपत्रक, परवान्याचा अर्ज, पहिली बिले हे सारे जपावे. जुलै २०२१ च्या महापुरात महाडची बाजारपेठ पाण्याखाली गेली. दप्तराची एक प्रत तरी वरच्या मजल्यावर असावी.

पुरामुळे विक्री थांबली तर? व्यापारातील विशेष परिस्थितीमुळे वापर झाला नाही आणि चिन्ह सोडण्याचा हेतू नव्हता, असा बचाव कलम ४७ मध्येच आहे. हार्डी ट्रेडिंग प्रकरणात (२००३) सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ बाह्य कारण असा लावला. मालकाची स्वतःची दिरंगाई त्यात बसत नाही.

त्रिफळा, च्यवनप्राश ही शास्त्रोक्त नावे कोणा एकाची होऊ शकत नाहीत. औषधे वर्ग ५ मध्ये येतात. नोंदणी झाली म्हणजे उत्पादनाचा परवाना मिळाला असे नव्हे. तो वेगळा घ्यावा लागतो. आणि नाव आधीपासूनच वापरात असेल तर ‘वापरण्याचा मानस’ असे लिहू नये. पहिल्या वापराची खरी तारीख द्यावी व शपथपत्रासोबत जुनी बिले जोडावीत.