पंचेचाळीस की पासष्ट?

रुग्णाच्या कागदावर नावानंतर प्रथम वय लिहिले जाते. आम्हां बालरोगतज्ज्ञांना तर महिनेही मोजावे लागतात. त्यामुळेच असेल, पण इटलीतील प्राचीन एट्रुस्कन लोकांच्या कबरलेखांनी मला खिळवून ठेवले. त्यांवर मृताचे वय कोरलेले आढळते; बहुधा अंकांत, क्वचित अक्षरांत. अंक सुबोध आहेत : एकासाठी उभी रेघ, पाचासाठी उलटा ‘व्ही’, दहासाठी फुली. खरा घोळ आहे तो शब्दांचा.

तुस्कानिया येथील दोन फाशांवर ठिपक्यांऐवजी थु, झल, की, हुथ, मख, शा असे सहा शब्द कोरलेले आहेत. ‘की’ म्हणजे तीन, हे १९६४ साली पिर्गी येथे सापडलेल्या सुवर्णपत्रांवरील फिनिशियन मजकुराने पक्के झाले. परंतु हुथ आणि शा यांपैकी चार कोण व सहा कोण, यावर विद्वान दीर्घकाळ भांडले. प्रश्न केवळ फाशांचा नव्हे. एका कबरलेखातील वय ‘मख’ आणि ‘शा’पासून साधलेला दशकवाचक शब्द यांनी सांगितले आहे, म्हणजे तो जीव पंचेचाळिसाव्या वर्षी गेला की पासष्टाव्या?

फाशांवर ‘की’च्या समोर ‘शा’ येतो. ठिपक्यांच्या एट्रुस्कन फाशांच्या ज्या दोन मांडण्या रूढ होत्या, त्या दोहोंत तिनासमोर चारच असतात. मला हा पुरावा पुरेसा वाटतो : पंचेचाळीस.

दुसऱ्या एका लेखात वय आहे ‘पन्नासाला एक कमी’, म्हणजे आपले एकोणपन्नासच! सतरा आणि अठराही ते विसातूनच वजा करून सांगत. आपण मात्र एकोणिसावरच थांबलो.