घड्याळ पुढे केल्याने दिवस वाढतो काय?

‘उन्हाळी वेळे’चे फायदे-तोटे आणि आपला व्यापार-धंदा

लंडनला माल पाठविणाऱ्या आपल्या बंधूंना एक अनुभव दरवर्षी येतो. थंडीभर तिकडचे दहा वाजले की इकडे दुपारचे साडेतीन होत. मार्चचा शेवटचा रविवार उलटला की तेच दहा इकडच्या अडीच वाजताच वाजतात. ज्याला हे ठाऊक नसते तो तासभर उशिरा फोन करतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पुन्हा उलट प्रकार होतो. याला इंग्रजीत ‘डेलाईट सेव्हिंग टाईम’ म्हणतात. आपण ‘उन्हाळी वेळ’ म्हणू. आपल्याकडेही घड्याळ पुढे करावे अशी सूचना अधूनमधून होत असते. म्हणून व्यापारी आणि कारागीर या नात्याने तिचा हिशोब मांडून पाहणे बरे.

कल्पना आली कोठून?

१८९५ साली न्यूझीलंडच्या जॉर्ज हडसन यांनी उन्हाळ्यात घड्याळ दोन तास पुढे करण्याची सूचना मांडली. १९०७ साली विल्यम विलेट या इंग्रज बांधकाम व्यावसायिकाने अशाच योजनेचे पत्रक काढले. लोक झोपेत असताना सकाळचा उजेड फुकट जातो, ही त्यांची तक्रार होती. पण सरकारांनी ती ऐकली युद्धामुळे. ३० एप्रिल १९१६ रोजी जर्मनीने देशभर घड्याळे पुढे केली, हेतू कोळसा वाचविण्याचा. काही आठवड्यांत ब्रिटननेही तेच केले. आपल्या देशातही दुसऱ्या महायुद्धात, सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ पर्यंत, घड्याळ एक तास पुढे होते. युद्ध संपले आणि ते पूर्ववत झाले.

जमेची बाजू

पहिला फायदा म्हणजे संध्याकाळचा उजेड. काम सुटल्यावर तासभर दिवस शिल्लक राहिला तर गिऱ्हाईक बाजारात फिरते आणि दुकानदाराचा गल्ला वाढतो. दुसरा फायदा विजेचा. संध्याकाळी घरोघरी एकाच वेळी दिवे लागतात तेव्हा विजेची मागणी शिगेला पोहोचते; हा ताण थोडा हलका होतो. बेंगळुरूच्या राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्थेतील संशोधकांनी याच आधारावर भारताचे घड्याळ कायमचे अर्धा तास पुढे करण्याची सूचना केली होती. तिसरा फायदा कारागिराचा. जरीकाम, रफू, शिवणकाम, धाग्याचा रंग जुळविणे ही कामे दिवसाच्या उजेडात जशी होतात तशी दिव्याखाली होत नाहीत.

खर्चाची बाजू

परंतु वहीचे दुसरे पानही वाचले पाहिजे. अमेरिकेने २००७ पासून उन्हाळी वेळेचा काळ सुमारे चार आठवड्यांनी वाढविला. तेथील ऊर्जा खात्याच्या २००८ च्या अहवालानुसार वाढीव दिवसांत रोज सुमारे अर्धा टक्का वीज वाचली. वर्षाच्या एकूण वापरात हे प्रमाण अवघे ०.०३ टक्के भरते. उलट इंडियाना राज्यात २००६ साली सर्वत्र उन्हाळी वेळ लागू झाल्यावर घरगुती वीजवापर सुमारे एक टक्क्याने वाढला, असे तेथील बिलांच्या अभ्यासातून दिसले. दिव्यांची वीज वाचली, पण तापलेल्या संध्याकाळी थंड हवेची यंत्रे जास्त चालली. आपल्या उष्ण मुलुखाने हा दाखला विशेष लक्षात ठेवावा.

दुसरा खर्च शरीराचा आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात खाण कामगारांच्या अपघातांची नोंद तपासली होती. घड्याळ पुढे केल्यानंतरच्या सोमवारी कामगार सरासरी ४० मिनिटे कमी झोपले होते आणि दुखापती ५.७ टक्क्यांनी वाढल्या होत्या. यंत्रावर हात चालविणाऱ्याला याचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

मुस्लिम देशांचा अनुभव

नमाज सूर्याच्या वेळेवर आणि दुकान घड्याळाच्या वेळेवर, ही दुहेरी बांधणी ज्यांना सांभाळायची आहे त्या देशांचा अनुभव आपल्याला जवळचा आहे. इजिप्तने २०१० आणि २०१४ साली रमजानपुरती उन्हाळी वेळ थांबविली. नाहीतर इफ्तार घड्याळानुसार एक तास उशिरा आली असती. मध्ये काही वर्षे बंद राहिलेली ही पद्धत इजिप्तने इंधन वाचविण्यासाठी २०२३ साली पुन्हा सुरू केली, तीही रमजान संपल्यावर. मोरोक्कोने २०१८ साली एक तास पुढची वेळ वर्षभर ठेवण्याचे ठरविले, पण रमजानसाठी घड्याळ मागे घेण्याची सवलत राखली.

लेबनॉनची गोष्ट तर धडा घेण्यासारखी आहे. मार्च २०२३ मध्ये तेथील सरकारने अवघे काही दिवस आधी जाहीर केले की उन्हाळी वेळ रमजाननंतर सुरू होईल. ख्रिस्ती चर्चने व अनेक संस्थांनी हे मानले नाही. काही दिवस एकाच देशात दोन वेळा चालल्या. बैठक कोणत्या वेळेला, दुकान कधी उघडणार, काहीच ठरेना. शेवटी सरकारला निर्णय फिरवावा लागला. वेळ कोणतीही असो, ती सर्वांची एक असली तरच बाजार चालतो.

शेजारच्या पाकिस्तानने २००२, २००८ आणि २००९ साली हा प्रयोग करून सोडून दिला. बांगलादेशाने २००९ साली एकदाच केला. तुर्कस्तानने २०१६ साली पुढची वेळ कायम केली. जॉर्डन आणि सीरियाने २०२२ साली तेच केले. इराणने त्याच वर्षी घड्याळ फिरविण्याची पद्धतच मोडीत काढली. मार्ग वेगळे असले तरी वर्षातून दोनदा घड्याळ फिरविण्याचा कंटाळा मात्र सारखाच दिसतो.

आपल्या मुलुखाचा हिशोब

आता महाराष्ट्राकडे वळू. लंडनला उन्हाळ्यातला सर्वांत मोठा दिवस साडेसोळा तासांचा आणि हिवाळ्यातला सर्वांत लहान दिवस जेमतेम आठ तासांचा असतो. मुंबईत हेच आकडे सुमारे सव्वातेरा आणि अकरा आहेत. तिकडे उजेडाची मोठी शिल्लक असते म्हणून ती हलविण्यात अर्थ आहे. आपल्याकडे शिल्लकच थोडी.

शिवाय एक गोष्ट आपल्या मशिदीतले वेळापत्रक रोज सांगत असते. मुंबईत सूर्य माथ्यावर येतो तो बारा वाजता नव्हे, सरासरीने १२ वाजून ३९ मिनिटांनी. भारताची प्रमाणवेळ मिर्झापूरजवळच्या रेखांशावर बेतलेली असून आपण पश्चिमेला आहोत. म्हणजे मुंबई-कोकणात आपण ३९ मिनिटांची ‘उन्हाळी वेळ’ बाराही महिने पाळतोच आहोत! १९०६ साली ही प्रमाणवेळ आली तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी विरोध केला होता, आणि शहरात जुना ‘मुंबई टाईम’ पुढे सुमारे अर्धे शतक टिकून राहिला.

यावर आणखी एक तास चढविला तर काय होईल? जोहरची वेळ पावणेदोनच्या आसपास सुरू होईल आणि जुमा अडीचच्या घरात जाईल. जेवणाच्या सुट्टीत नमाज उरकणाऱ्या नोकरदाराची पंचाईत होईल. जूनमध्ये मगरीब सव्वाआठनंतर आणि इशा साडेनऊनंतर. फज्र मात्र सोयीची होईल, हे कबूल केले पाहिजे. भिवंडी-मालेगावसारख्या ठिकाणी बारा-बारा तासांच्या पाळ्या चालतात. तेथे घड्याळ पुढे होईल त्या रात्रीची पाळी अकरा तासांची आणि मागे येईल त्या रात्रीची तेरा तासांची होईल. वार-मीटरवर मजुरी घेणाऱ्याला कामाप्रमाणे पैसे मिळतील. पण ठराविक पगारावरच्या मदतनिसाचा तेरावा तास कोणाच्या खात्यावर? मालकाने तो आधीच ठरवला नाही तर मजुराचा हक्क बुडेल.

मग उपाय काय?

उपाय घड्याळात नाही, दुकानाच्या शटरमध्ये आहे. आसामच्या चहाच्या मळ्यांत प्रमाणवेळेच्या एक तास पुढे असलेली ‘बागान वेळ’ पूर्वीपासून चालत आली आहे. मळ्याने आपले काम लवकर सुरू केले. देशाचे घड्याळ हलविले नाही. आपल्यालाही हे करता येते. आपले कारागीर फज्रनंतर पुन्हा झोपतात, अकराला दुकान उघडतात आणि रात्री अकरापर्यंत दिवे जाळतात. उजेडाचे चार तास वाया घालवून विजेचे बिल भरण्याचा हा व्यवहार तोट्याचाच आहे. बारीक नजरेची कामे सकाळी आणि घडी-पॅकिंगची कामे संध्याकाळी, एवढी फेरवाटणी केली तरी फरक दिसेल.

निर्यातदारांनी पुढील गोष्टी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवाव्यात. दुबई आपल्या दीड तास व सौदी अरब अडीच तास मागे. तेथे घड्याळ फिरत नाही. लंडन उन्हाळ्यात साडेचार, हिवाळ्यात साडेपाच तास मागे. न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे आपले उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. अमेरिकेचे घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे जाते, ब्रिटनबरोबर नव्हे. सौद्याच्या कागदावर तारीख-वेळ लिहिताना ‘भारतीय वेळ’ हे शब्द जरूर घालावेत.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आपल्या उम्मतीच्या सकाळच्या वेळेत बरकतीची दुआ केली आहे. ही हदीस रिवायत करणारे हजरत सख्र गामिदी (रजि.) स्वतः व्यापारी होते. ते आपला माल दिवसाच्या सुरुवातीलाच रवाना करीत आणि त्यांच्या व्यापारात भरभराट झाली. त्यासाठी त्यांना कोणतेही घड्याळ पुढे करावे लागले नाही.