अर्धा देश सरकला म्हणजे किती सरकला?

१५ नोव्हेंबर २०२३ रोजी अमेरिकेच्या कृषी खात्याने एक नकाशा जाहीर केला आणि तिथल्या हौशी बागवाल्यांच्या जुन्या भांडणाला नवं खतपाणी मिळालं. कोणतं झाड कुठल्या भागातली थंडी सोसेल, हे सांगणारा हा नकाशा. १३,४१२ हवामान केंद्रांच्या नोंदी, १९९१ ते २०२० अशी ३० वर्षं. सार असं: २०१२च्या नकाशाच्या तुलनेत सलग भूभागावरच्या ४८ राज्यांत सरासरी २.५ अंश फॅरनहाइटची, म्हणजे १.४ अंश सेल्सिअसची वाढ. देशाचा जवळपास निम्मा भाग अर्ध्या झोनने उबदार बाजूला सरकला. उरलेला निम्मा होता त्याच अर्ध्या झोनमध्ये राहिला.

हवामानबदल मानणारा बागवाला म्हणतो, सरकारनेच पुरावा छापून दिला. न मानणारा म्हणतो, अर्धा देश तर जागचा हललेला नाही. दोघांची चूक कागद-पेन्सिल घेऊन दाखवता येते.

अमेरिकेत रोपवाटिकेतून रोप आणलं की कुंडीत खोचलेल्या पट्टीवर झाडाच्या नावाखाली ‘झोन ५–८’ असं काहीतरी छापलेलं असतं. हा झोन ठरतो एकाच आकड्यावर. दर हिवाळ्यातली सर्वांत थंड रात्र घ्यायची, त्या रात्रीचं किमान तापमान टिपायचं आणि अशा ३० हिवाळ्यांची सरासरी काढायची. एकूण झोन १३. प्रत्येक झोन १० अंश फॅरनहाइटचा, त्याचे ५-५ अंशांचे ‘ए’ आणि ‘बी’ असे दोन भाग. पाऊस, माती, उन्हाळा, दमटपणा यांचा त्यात काडीचाही संबंध नाही.

आता हिशेब. अर्धा झोन ५ अंशांचा. समजा, देशातली प्रत्येक जागा नेमकी २.५ अंशांनी तापली. ज्या जागा आपल्या पट्ट्याच्या वरच्या निम्म्यात होत्या, त्या रेष ओलांडतील. खालच्या निम्म्यातल्या जागा तापूनही त्याच पट्ट्यात राहतील. निम्म्या सरकतील, निम्म्या राहतील. म्हणजे ‘अर्धा देश हलला नाही’ या वाक्यातला अर्धा देश तापलाच नाही असं ठरत नाही. त्यातला बराच भाग रेषेला लागला नाही, एवढंच. कृषी खात्यानेही हेच सांगितलं होतं: न सरकलेल्या भागांत काही ठिकाणी तापमान वाढलंय, पण पट्टा बदलण्याइतकं नाही.

इथे पहिल्या बाजूने टाळ्या वाजवायची घाई करू नये. हा नकाशा हवामानबदलाचा पुरावा आहे का, याचं नकाशा काढणाऱ्यांचंच उत्तर सावध आहे. वर्षातली सर्वांत थंड रात्र फार लहरी असते, केंद्रांची संख्या वाढली आणि नकाशा काढायची तंत्रंही सुधारली. त्यामुळे झोनमधला बदल म्हणजे जागतिक हवामानबदलाचं प्रतिबिंब असं समजू नका, असं खात्याने २०१२ मध्येही बजावलं आणि २०२३ मध्येही. २०१२च्या नकाशात केंद्रं होती ७,९८३. अकरा वर्षांत त्यांत जवळपास साडेपाच हजारांची भर पडली. आधी जिथे मोजणीच विरळ होती, तिथला रंग बदलला तर थोडं श्रेय मोजणीलाही द्यावं लागतं.

जुने नकाशे तर दोन्ही बाजूंना हवा तो दारूगोळा पुरवतात. कृषी खात्याचा पहिला नकाशा १९६०चा. १९९०चा नकाशा १९७४ ते १९८६ एवढ्याच काळावर बेतलेला, आणि त्यात सत्तरच्या दशकाच्या अखेरचे कडक हिवाळे सापडले. तो अनेक ठिकाणी आधीपेक्षा थंड निघाला. ‘१९९०च्या नकाशात तर देश गारठला होता, मग तेव्हा तुमचा हवामानबदल कुठे होता?’ हा प्रश्न त्यातूनच येतो. पुढे अमेरिकन हॉर्टिकल्चरल सोसायटीने १९८६ ते २००२ची आकडेवारी घेऊन २००३ मध्ये एक मसुदा तयार केला. तो बऱ्याच भागांना अर्ध्या झोनने उबदार दाखवत होता. कृषी खात्याने तो स्वीकारला नाही. संशय घ्यायला बागवाल्यांना एवढं पुरेसं होतं. २००६ मध्ये आर्बर डे फाउंडेशनने १५ वर्षांच्या नोंदींवरून स्वतःचा नकाशा काढला, तोही उबदार बाजूला झुकलेला. १३ वर्षांची खिडकी, १६ वर्षांची, १५ वर्षांची, मग २०१२ पासून ३० वर्षांची. वेगवेगळ्या लांबीच्या फूटपट्ट्यांनी एकच भिंत मोजली तर मापं जुळायची कशी? माझ्या मते २०१२ आणि २०२३ हे दोनच नकाशे शेजारी ठेवण्याजोगे आहेत, आणि तेही केंद्रांच्या संख्येतला फरक डोक्यात ठेवून.

सरासरी काय लपवते, ते टेक्सासने दाखवलं. १६ फेब्रुवारी २०२१ला डॅलस-फोर्टवर्थ विमानतळावर पारा उणे २ अंश फॅरनहाइटवर, म्हणजे जवळपास उणे १९ सेल्सिअसवर उतरला. हा परिसर झोन ८ मधला. तिथे वर्षातल्या सर्वांत थंड रात्रीची सरासरी अपेक्षा १० ते २० अंश फॅरनहाइट. त्या रात्री मात्र तिथे झोन ६ची थंडी होती. टेक्सासभर कण्हेरी जमिनीपर्यंत करपल्या, सायकस पिवळे पडले, अंगणातली लिंबू-संत्री गेली. आणि गंमत अशी, की २०२३च्या नकाशाची खिडकी २०२० सालीच मिटते. ती रात्र त्यात नाहीच. असती तरी फार फरक पडला नसता. समजा, २९ हिवाळ्यांत सर्वांत थंड रात्र १२ अंशांची आणि एका हिवाळ्यात उणे २ची. सरासरी येते ११.५. नकाशावरचा रंग तसाच राहतो, लिंबाचं झाड मात्र राहत नाही. अशा रात्रीनंतर ‘कसली तापमानवाढ घेऊन बसलात?’ असं म्हणणाऱ्याची झाडं खरोखर मेलेली असतात. त्याचा अनुभव खोटा नाही. तीस वर्षांच्या प्रश्नाला तो एका रात्रीचं उत्तर देतो, एवढंच.

न्यू जर्सीतल्या मराठी घरांतल्या कढीपत्त्याला या वादाने काही फरक पडत नाही. राज्याचा बराचसा भाग झोन ७च्या आसपासचा, म्हणजे सर्वांत थंड रात्र उणे १८ ते उणे १२ सेल्सिअसची. अर्धा झोन सरकला तरी उणे १५ ते उणे १२. कढीपत्त्याला हिमाचा एक फटकाही जड जातो. पानगळीच्या सुमाराला कुंडी घरात आणि वसंत ऋतू स्थिरावल्यावर अंगणात, ही ये-जा चालूच राहणार. ‘आता आमचा झोन बदलला’ म्हणून कढीपत्ता जमिनीत लावणाऱ्याने तो एका हिवाळ्यापुरता लावला असं समजावं.

मग तापमानवाढीची चाहूल बागेत शोधायची कुठे? वर्षातल्या एका रात्रीत शोधण्यापेक्षा फुलण्याच्या तारखांत शोधावी. ब्रिटनमध्ये नॉरफोकच्या रॉबर्ट मार्शमने १७३६ मध्ये वसंताच्या खुणा टिपायला सुरुवात केली. तेव्हापासून निसर्गप्रेमी, माळी आणि हौशी बागवाले यांनी लिहून ठेवलेल्या नोंदींचा साठा केंब्रिजच्या संशोधकांनी तपासला आणि २०२२ मध्ये निष्कर्ष मांडले. ४०६ वनस्पती, ४ लाख १९ हजार ३५४ नोंदी. १९८७ ते २०१९ या काळात पहिलं फूल १७५३ ते १९८६च्या तुलनेत सरासरी महिनाभर आधी आलं. अमेरिकेत सलग ४८ राज्यांतला वाढीचा हंगाम, म्हणजे शेवटच्या हिमापासून पहिल्या हिमापर्यंतचा काळ, विसाव्या शतकाच्या सुरुवातीपेक्षा दोन आठवड्यांहून अधिक लांबला आहे. हौशी लोकांनीच गोळा केलेला हा पुरावा हौशी लोकांच्याच वादात फारसा कुणी काढत नाही, याचं मला नवल वाटतं.

तापमान वाढतंय हे मान्य झालं तरी भांडण संपत नाही, कारण खरं भांडण कारणावर आहे. आयोवातल्या १,२७६ शेतकऱ्यांची २०११ साली पाहणी झाली. शेतकरी म्हणजे हौशी बागवाले नव्हेत, पण मातीत हात घालणाऱ्यांचा कल त्यातून कळतो. हवामान बदलतंय असं म्हणणारे ६८ टक्के. हा बदल प्रामुख्याने माणसामुळे, असं म्हणणारे अवघे १० टक्के! निसर्ग आणि माणूस दोघांचा सारखा वाटा मानणारे ३५ टक्के, मुख्यतः निसर्गाचा मानणारे २३ टक्के. उरलेल्यांतल्या बहुतेकांच्या मते पुरावा अपुरा होता.

या ६८ आणि १० मधल्या दरीला मी अडाणीपणा म्हणणार नाही. बदल होतोय, हे परसात दिसतं. तो का होतोय, हे परसातून दिसायची सोयच नाही. कुंपणावरचा तापमापक आकडा सांगतो, त्यामागचा कर्ता सांगत नाही. त्यासाठी वर, वातावरणाच्या थरांत बघावं लागतं. सूर्य जास्त तापत असता तर वातावरणाचे खालचे-वरचे सगळे थर तापले असते. प्रत्यक्षात खालचा थर तापतोय आणि त्याच्या वरचा, स्थितांबर, थंड होतोय. १९७८ पासून उपग्रह सूर्याची ऊर्जा मोजताहेत, तीत तापमानाला जुळणारी वाढ नाही. संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक समितीच्या (आयपीसीसी) २०२१च्या अहवालानुसार १८५०–१९०० या काळापासून २०१०–२०१९ पर्यंत पृथ्वीचं तापमान १.०६ अंश सेल्सिअसने वाढलं आणि त्यात माणसाचा वाटा १.०७ अंश. वाटा मूळ वाढीपेक्षा जास्त कसा, असं वाटेल. पण ज्वालामुखी आणि सूर्य यांचा हातभार शून्याच्या आसपासच निघतो आणि १.०७ हा ०.८ ते १.३ या पल्ल्यातला सर्वोत्तम अंदाज आहे.

‘तापमापक शहरात, काँक्रीटच्या शेजारी बसवलेत’ हा आक्षेप बागवाल्यांत विशेष लोकप्रिय, कारण भिंतीलगतचं झाड हिवाळ्यात तगतं हे त्यांनी पाहिलेलं असतं. आक्षेप रास्तच होता. भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड म्युलर यांनाही अशा शंका होत्या. त्यांच्या ‘बर्कली अर्थ’ गटाने हजारो केंद्रांच्या नोंदी नव्याने तपासल्या, शहरी आणि ग्रामीण केंद्रं वेगळी काढून पाहिली. या कामाला तेल-उद्योगपती चार्ल्स कोक यांच्या प्रतिष्ठानचेही पैसे होते. २०१२ मध्ये म्युलर यांनी जाहीरपणे मत बदललं: २५० वर्षांत जमिनीचं तापमान सुमारे दीड अंश सेल्सिअसने वाढलं आणि जवळपास सगळी वाढ माणसामुळे.

आता शास्त्रज्ञांच्या सहमतीचा तो सुप्रसिद्ध आकडा, ९७ टक्के. जॉन कुक आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये १९९१ ते २०११ मधल्या ११,९४४ शोधनिबंधांचे सारांश वाचले. तापमानवाढ माणसामुळे, हे मान्य करणारे ३,८९६. नाकारणारे ७८. अनिश्चित ४०. कारणाबद्दल काहीच न बोलणारे ७,९३०. ९७ टक्के हे प्रमाण बोलणाऱ्या ४,०१४ मधलं आहे. विरोधक ३,८९६ला ११,९४४ने भागतात आणि म्हणतात, ही तर फक्त ३३ टक्क्यांची सहमती! भागाकार बरोबर आहे, अर्थ चुकीचा. झाडांच्या मुळांवरच्या निबंधाचा सारांश ‘झाड पाणी मुळांतून घेतं’ या वाक्याने सुरू होत नाही. याच अभ्यासात लेखकांनाही विचारलं गेलं. सुमारे १,२०० लेखकांनी आपल्या २,१४२ निबंधांचं मत स्वतः सांगितलं, तेव्हा ‘काही बोललो नाही’ म्हणणारे ६६ टक्क्यांवरून ३५.५ टक्क्यांवर आले आणि मत मांडणाऱ्यांत सहमती भरली ९७.२ टक्के. २०२१च्या एका अभ्यासात २०१२ नंतरच्या ८८,१२५ निबंधांतून ३,००० निवडून तपासले. शंका घेणारे निघाले ४.

तरी मला हा आकडा घोषणेसारखा तोंडावर फेकणं पटत नाही. सहमती ही पुराव्याची बेरीज आहे, पुरावा नव्हे. चाळीस वर्षं टोमॅटो लावणाऱ्याला ‘९७ टक्के शास्त्रज्ञ म्हणतात’ सांगितलं की त्याला ऐकू येतं, ‘तुझे डोळे चुकीचे’. शिवाय ही सहमती किती मोठी, हे लोकांना माहीतही नसतं. येल विद्यापीठाच्या अलीकडच्या पाहण्यांत दहापैकी साधारण सात अमेरिकन म्हणतात की तापमानवाढ होते आहे. शास्त्रज्ञांमधली सहमती ९० टक्क्यांच्या वर आहे हे पाचांतल्या एखाद्यालाच ठाऊक असतं.

आपल्याकडे गच्चीवर बाग करणाऱ्याला अमेरिकेचा तो थंडीचा नकाशा दिला तर तो दोन मिनिटांत घडी घालून ठेवेल. मुंबईत पारा आजवर सर्वांत खाली उतरला तो २२ जानेवारी १९६२ला, ७.४ अंश सेल्सिअसवर. ही विक्रमी थंडीसुद्धा झोन ११ मध्ये बसते, आणि एकूण झोन १३च. पुण्याचा विक्रम १७ जानेवारी १९३५चा, १.७ अंश, तोही झोन १०च्या खाली जात नाही. इथे झाड थंडीने मरत नाही, मे महिन्यात तापलेल्या स्लॅबवर मरतं. अमेरिकन हॉर्टिकल्चरल सोसायटीने १९९७ मध्ये उष्णतेचाही नकाशा काढला होता: वर्षात ३० अंश सेल्सिअसच्या वर किती दिवस जातात, यावरून १२ झोन, शेवटचा २१०पेक्षा जास्त दिवसांचा. मुंबई त्या शेवटच्या झोनमध्ये जाईल.

आणि ‘पूर्वी असा उन्हाळा नव्हता’ विरुद्ध ‘उन्हाळा कायम असाच होता’ हे भांडण इथेही रंगतंच. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी संपादित केलेला २०२०चा सरकारी अहवाल सांगतो, की १९०१ ते २०१८ या काळात भारताचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंश सेल्सिअसने वाढलं. दुपारी ४१ अंश असताना हे ०.७ अंगाला जाणवणं शक्य नाही. गच्चीवर भर दुपारी ते वेगळं काढता येत नाही. ११८ वर्षांच्या वहीत ते येतं.