बाटलीच बोलते!

जुन्या बाटल्यांच्या नादी लागलेल्यांनी रॉबर्ट टर्लिंग्टनची बाटली एकदा तरी नीट पाहावी. चेहरा इंग्रज, पण सापडते ती थेट अमेरिकेच्या मातीत, अगदी तिथल्या मूळ रहिवाशांच्या थडग्यांतसुद्धा.

लंडनच्या या गृहस्थाने 1744 मध्ये 'बाल्सम ऑफ लाइफ'चं राजाकडून पेटंट मिळवलं. घटक म्हणे 27! मुतखडा, पोटशूळ, अंगातला अशक्तपणा, सगळ्यांवर एकच औषध. खप वाढला तसे नकलाकार उगवले. मग 1754 मध्ये त्याने बाटलीचा साचाच बदलला: चपटी, खांदे-कंबर असलेली, काचेवर उठावाच्या अक्षरांत नाव, राजाचं पेटंट आणि तारीख. नकलाकारांनी काय केलं? बाटलीचीच नक्कल केली, तारखेसकट.

तेव्हा अमेरिकेतल्या वसाहतींत अशी इंग्रजी औषधं साध्या दुकानांतही मिळत. डॅफीज एलिक्झिरची जाहिरात बॉस्टनच्या वर्तमानपत्रात 1708 मध्येच आली होती. 'गॉडफ्रेज कॉर्डियल'मध्ये तर चक्क अफू, आणि ते पाजायचं रडक्या पोरांना. पोर गप्प बसणारच की!

अमेरिकन क्रांतीच्या काळात इंग्लंडचा माल येईना. मग रिकाम्या इंग्रजी बाटल्यांना भाव आला. आत स्थानिक काढा, बाहेर साहेबाचं नाव.

टर्लिंग्टनचं रसायन मात्र अगदीच थोतांड नव्हतं. त्याचा मूळ आधार लोबान. सर्दीत वाफाऱ्याच्या पाण्यात थेंबभर टाकतो ते तपकिरी, उग्र वासाचं टिंक्चर बेन्झॉइन याच घराण्यातलं. घरी असेल तर झाकण उघडून हुंगून बघा.